पृथ्वी तोलणारा एकलकोंडा

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणाही थोर माणसाचे चरित्र हातात आले, की तो आधी त्यातला पैशाचा भाग शोधून वाचतो. मीही त्याला अपवाद नाही. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव शाळेत असताना हायड्रोजनच्या धड्यात एका ओळीपुरते भेटले होते. त्याच्याशी खरी ओळख झाली ती निवृत्तीनंतर, आणि तीही त्याच्या बँकखात्याच्या एका गोष्टीमुळे.

त्याच्या जुन्या चरित्रांत ही गोष्ट येते. लंडनमधल्या त्याच्या बँकवाल्यांच्या लक्षात आले, की या गृहस्थाच्या खात्यात ऐंशी हजार पौंड नुसते पडून आहेत. अठराव्या शतकातले ऐंशी हजार पौंड! एवढी रक्कम बिनव्याजी पडलेली पाहून त्यांना चैन पडेना. पेढीतला एक जण त्याच्या घरी गेला. नोकराने आत वर्दी द्यायला खळखळ केली, कारण मालकाने घंटी वाजवल्याशिवाय आत जायची परवानगी कोणालाच नव्हती. अखेर भेट झाली. पैसे पडून आहेत, काय करावे, असे पाहुण्याने विचारताच कॅव्हेंडिश वैतागला. या पैशांचा तुम्हाला त्रास होत असेल तर मी ते काढून घेतो, असे त्याने सुनावले. बिचारा बँकवाला गडबडला. निम्मे पैसे कुठे तरी गुंतवू का, असे त्याने चाचरत विचारले. गुंतवा, पण पुन्हा मला सतवायला येऊ नका, नाही तर खाते हलवीन, एवढे बोलून मुलाखत संपली. आमच्या काळी असा ठेवीदार मिळावा म्हणून शाखाधिकारी देव पाण्यात घालून बसत. आणि मिळाला असता तर त्याच्या दारात रोज जाऊन त्याला पळवून लावले असते, हेही तितकेच खरे.

तर हा असा माणूस. पैशाकडे ढुंकून न पाहणारा, माणसांना पाहून पळ काढणारा. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आपल्याकडे ज्या वयात माणसे नातवंडे खेळवतात किंवा वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात, त्या वयात त्याने घराच्या आवारातल्या एका बंद खोलीत शिशाचे चार गोळे टांगले आणि आपण ज्या पृथ्वीवर उभे आहोत तिचा भार काढला.

हेन्रीचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात झाला. घराणे मोठे. वडील लॉर्ड चार्ल्स हे डेव्हनशरच्या दुसऱ्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव, आई केंटच्या ड्यूकची कन्या. हेन्री दोन वर्षांचा असताना, पाठच्या भावाच्या जन्मानंतर, आई वारली. दोन मुलगे आणि वडील एवढाच संसार उरला. वडिलांनी पुन्हा लग्न केले नाही. तेही शास्त्राचे नादी होते. दिवसातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान आपोआप नोंदवून ठेवणारे तापमापक त्यांनी बनवले, आणि त्यासाठी रॉयल सोसायटीने त्यांना १७५७ साली कॉप्ले पदक दिले. आईविना वाढणाऱ्या मुलाला खेळणी म्हणून काय मिळाले असेल, याचा अंदाज यावरून करावा.

हॅकनीच्या शाळेत आणि मग केंब्रिजला पीटरहाउसमध्ये त्याचे शिक्षण झाले. १७५३ साली पदवी न घेताच तो केंब्रिजहून बाहेर पडला आणि लंडनला ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या वडिलांच्या घरात राहू लागला, तो थेट १७८३ साली वडील वारेपर्यंत. तीस वर्षे! वडिलांनीच त्याला रॉयल सोसायटीच्या बैठकांना आणि जेवणांना बोट धरून नेले. १७६० मध्ये तो सोसायटीचा सभासद झाला. ड्यूकच्या घराण्यातला असला तरी धाकट्या पातीचा; हातखर्चाला वडील देतील तेवढ्यावर भागवायचे. मोठी संपत्ती आली ती पन्नाशीच्या सुमाराला, वडील आणि एका नातेवाईक बाई यांच्याकडून. तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या. पैसा आला, पण तो खर्च कसा करायचा हे काही त्याला कळले नाही.

त्याच्या एकलकोंडेपणाच्या गोष्टी इंग्लंडात अजूनही चवीने सांगतात. फिकट पडलेला जांभळट मखमली कोट, उंच कॉलर, मनगटाशी झालर आणि डोक्याला आजोबांच्या काळातली तीनकोनी टोपी, हा त्याचा बारमाही वेष. कोट विटला, की शिंप्याने तसाच दुसरा शिवायचा. बोलणे अडखळत आणि चिरक्या आवाजात. जेवायला काय हवे ते तो दिवाणखान्यातल्या मेजावर चिठ्ठी लिहून ठेवी, आणि बहुतेक दिवशी ते मटणच असे. एकदा जिन्यात बादली-केरसुणी घेतलेली मोलकरीण समोर आली, तर त्याने स्वतःसाठी मागच्या बाजूने दुसरा जिना बांधून घेतला. सोसायटीच्या जेवणाला दर गुरुवारी मात्र तो न चुकता जाई. टोपी नेहमी त्याच खुंटीला. जाणते लोक नवख्यांना शिकवून ठेवत, की याच्याशी बोलायचे तर तोंडाकडे बघून बोलू नये; जरा बाजूला, हवेत बघून विषय काढावा. विषय मोलाचा असला तर उत्तर मिळे. एका समारंभात व्हिएन्नाहून आलेल्या पाहुण्याने तोंडावर स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश मान खाली घालून उभा राहिला, गर्दीत फट दिसताच तिच्यातून निसटला आणि बग्गी गाठून थेट घरी.

त्याने कधी चित्रकारापुढे बसून चित्र काढून घेतले नाही. आज आपण त्याचे म्हणून जे चित्र पाहतो ते विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराने जेवणाच्या मेजवानीत त्याच्या नकळत टिपलेले आहे. चित्रातही तो निघून चालला आहे असेच वाटते.

२००१ साली ऑलिव्हर सॅक्स या प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञाने हे सगळे वर्णन तपासून, हा आस्परगर प्रकारचा स्वमग्न असावा, असे मत मांडले. असेलही. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आज तपासून नाव चिकटवणे मला फारसे रुचत नाही. आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक चाळीत असा एखादा काका असायचा. लग्नाच्या पंगतीत तो दिसायचा नाही, पण घरातले बंद पडलेले घड्याळ त्याच्याच खोलीत जायचे आणि चालू होऊन परत यायचे. त्याला कोणी रोगी म्हणत नसे. कॅव्हेंडिशचे लंडनही त्याच्याशी तसेच वागले, हे मला त्या शहराचे मोठेपण वाटते. सोसायटीने त्याला समित्यांवर घेतले, त्याच्या शब्दाला मान दिला आणि त्याच्याकडे बघायचे तेवढे टाळले.

१७६६ साली हायड्रोजनवरच्या निबंधाने त्याचे नाव झाले. त्यालाही कॉप्ले पदक मिळाले. पुढे त्याने दाखवून दिले, की ही ज्वालाग्राही हवा जळते तेव्हा पाणी तयार होते. हजारो वर्षे पंचमहाभूतांपैकी एक म्हणून मानलेले पाणी हे मूलतत्त्व नाही, असा त्याचा अर्थ. १७८५ मध्ये साध्या हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी वेगळा करताना त्याला एक बारीकसा बुडबुडा असा उरला, की तो काही केल्या नाहीसा होईना. मूळ हवेच्या एकशेविसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, एवढे त्याने मोजून लिहून ठेवले. शंभरेक वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅम्से यांनी त्या बुडबुड्याला नाव दिले: आरगॉन. जमाखर्चात एकशेवीस रुपयांमागे रुपया जुळत नाही म्हणून वही न मिटणारा हिशेबनीस मी पाहिलेला आहे. त्या जातीचा हा माणूस.

आता त्याच्या चुंबकसूचीकडे वळू. होकायंत्राची सुई अगदी नेमकी उत्तरेकडे रोखलेली नसते, हे खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. खऱ्या उत्तरेशी ती जो कोन करते त्याला दिक्पात म्हणतात. शिवाय सुई मधोमध टांगली तर एक टोक जमिनीकडे झुकते, त्या झुकण्याला नती. गंमत म्हणजे हे दोन्ही कोन जागोजागी वेगळे, आणि एकाच जागी वर्षागणिक बदलणारे. १५८० च्या सुमारास लंडनमध्ये सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ११ अंश होती. कॅव्हेंडिशच्या काळी ती पश्चिमेला २० अंशांच्याही पलीकडे सरकली होती. जमिनीच्या पोटात काही तरी हलते आहे, याची ती खूण होती. काय हलते ते कोणाला माहीत नव्हते.

रॉयल सोसायटीच्या इमारतीत अशी उपकरणे होती आणि त्यांची तपासणी कॅव्हेंडिशकडे होती. १७७६ साली त्याने त्यांचा सविस्तर वृत्तान्त छापला. त्या इमारतीतल्या लोखंडामुळे सुई फसत असणार, अशी त्याला शंका होती. म्हणून ते होकायंत्र तिथून उचलून त्याने मार्लबरो स्ट्रीटवरच्या एका घराच्या मोठ्या बागेत नेऊन ठेवले आणि दोन ठिकाणची मापे ताडून पाहिली. आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांना नेमकी हीच चिंता पडली, आणि १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा खाडीपार अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत गेली. समुद्रावर फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जण त्या कंपाउंडकडे वळून पाहतात कोण जाणे! शंका एकच: मी जे मोजतो आहे ते पृथ्वीचे, की माझ्याच घरातल्या खिळ्यांचे?

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना सांगितलीच पाहिजे. १७९२ साली या माणसाने हिंदू पंचांगावर एक निबंध छापला. चार्ल्स विल्किन्स, ज्यांनी १७८५ मध्ये भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यांच्याकडे तीन हिंदू पंचांगे होती. ती समोर ठेवून कॅव्हेंडिशने आपले सौर वर्ष, चांद्र मास आणि तिथी यांचा हिशेब उलगडून दाखवला. शेजारणीच्या मुलाचे नावही ज्याला माहीत नसेल, त्याला आपली तिथी कशी पडते हे माहीत होते!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. न्यूटनने सांगून ठेवले होते, की विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. पण पृथ्वीचे एकंदर द्रव्य किती, हे त्या सूत्रातून निघत नव्हते. पृथ्वी पाण्याच्या पाच-सहापट घन असावी, असा न्यूटनने नुसता अंदाज केला होता. मोजायचे तर माप माहीत असलेल्या एखाद्या वस्तूची ओढ पृथ्वीच्या ओढीशी ताडून पाहायला हवी. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात पृथ्वी, दुसऱ्यात काय घालायचे?

पहिले उत्तर होते डोंगर. डोंगराच्या कुशीत ओळंबा धरला तर तो किंचित डोंगराकडे झुकेल. सोसायटीने त्यासाठी समिती नेमली, तिच्यात कॅव्हेंडिश होता. कोणत्या आकाराचा डोंगर त्यासाठी बरा, याची गणिते त्याने घरी बसून केली. डोंगर निवडला गेला स्कॉटलंडमधला शिहॅलियन. १७७४ च्या पावसाळी उन्हाळ्यात राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन तिथे झोपडीत राहिले आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंनी ताऱ्यांचे वेध घेतले. दोन्हीकडचा झुकाव मिळून साडेअकरा विकलांच्या आसपास भरला. काम संपल्यावर मेजवानी झाली, तिच्यात झोपडीला आग लागली आणि डंकन रॉबर्टसन नावाच्या पोऱ्याचे व्हायोलिन जळून गेले. मॅस्कलिन यांनी लंडनहून त्याला नवे पाठवले. पुढे चार्ल्स हटन या गणितज्ञाने डोंगराचे आकारमान काढता काढता सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडून पाहिल्या. आज नकाशावर दिसतात त्या समोच्च रेषांचा असा वापर तिथे झाला. उत्तर आले: पृथ्वी पाण्याच्या साडेचारपट घन.

पण डोंगराच्या पोटात काय आहे हे कोणी पाहिले आहे? आपल्याकडेही पुढे हेच निघाले. १८५५ मध्ये कोलकात्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी गणित करून दाखवले, की हिमालयाने भारतीय सर्वेक्षणाचे ओळंबे जेवढे ओढायला हवे होते, त्यापेक्षा ते बरेच कमी ओढले गेले. डोंगर हे वजन म्हणून विश्वासाचे नाही. पारड्यात घालायला अशी वस्तू हवी, जिचा कणन् कण आपल्याला माहीत आहे.

ही वस्तू सुचली ती एका पाद्र्याला. जॉन मिशेल हा यॉर्कशरमधल्या थॉर्नहिल गावचा धर्मगुरू, आणि कॅव्हेंडिशचा मित्र. कॅव्हेंडिशला ज्याचा मित्र म्हणता येईल अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत हा पहिला. याच मिशेलने १७५० मध्ये चुंबकांवर पुस्तक लिहून चुंबकाची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते हे सांगितले होते. भूकंपावर त्याने लिहिले होते. ज्याच्यातून उजेडही निसटू शकणार नाही इतका भारी तारा असू शकेल, ही कल्पना त्याने कॅव्हेंडिशला कळवली आणि कॅव्हेंडिशने १७८३ मध्ये ती सोसायटीपुढे मांडली. पृथ्वी तोलण्यासाठी मिशेलने पिळाचा तराजू बांधला: तारेने टांगलेली आडवी काठी, तिच्या टोकांना दोन छोटे गोळे, आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवायचे दोन मोठे गोळे. मोठ्यांनी छोट्यांना ओढले की तार पिळली जाईल; पीळ मोजला की ओढ कळेल. तराजू बांधून झाला, पण प्रयोग व्हायच्या आत, १७९३ मध्ये, मिशेल वारला. उपकरण आधी केंब्रिजच्या वोलस्टन यांच्याकडे आणि तिथून कॅव्हेंडिशकडे आले.

लंडनबाहेर क्लॅपहॅम कॉमनला कॅव्हेंडिशचे घर होते. तिथे त्याने तराजूचा बहुतेक भाग नव्याने बांधला. सहा फुटांची लाकडी काठी, टोकांना शिशाचे दोन इंच व्यासाचे गोळे, वजन पाऊण किलोपेक्षा थोडे कमी. मोठे गोळे बारा इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. काठी आणि लहान गोळे महॉगनीच्या पेटीत बंद. आता यात मोजायचे काय? तर लहान गोळ्याच्या वजनाच्या सुमारे पाच कोटीव्या हिश्श्याइतके बळ. माणूस शेजारी उभा राहिला, तर त्याच्या अंगाच्या उबेने पेटीतली हवा हलून सगळा खेळ बिघडणार.

मी काही काळ सोनेतारण खात्यात होतो. आमचे सराफ दागिना तोलायला घेण्याआधी पंखा बंद करायला लावत, आणि काटा स्थिर होईपर्यंत समोरच्या कर्जदाराला बोलू देत नसत. तिथे प्रश्न गुंजभराचा असे. इथे प्रश्न पाच कोटीव्या हिश्श्याचा. म्हणून कॅव्हेंडिशने सगळा तराजू एका बंद खोलीत ठेवला आणि स्वतः बाहेर राहिला. मोठे गोळे कप्पीच्या दोरीने बाहेरून फिरवायचे. भिंतीला भोक, भोकात दुर्बीण, आत दिव्याचा झोत काठीच्या टोकाशी बसवलेल्या हस्तिदंती पट्टीवर. त्या पट्टीवर इंचाचा शंभरावा भाग वाचता येई. काठी एकदा हलली की एका झोक्याला सुरुवातीच्या बारीक तारेने पंधरा मिनिटे लागत. तार जाड केल्यावर सात. गोळे फिरवायचे, झोके मोजायचे, लिहायचे, पुन्हा फिरवायचे. ऑगस्ट १७९७ ते मे १७९८ हे असे चालले. मला नेहमी वाटते, की हा प्रयोग कॅव्हेंडिशसाठीच राखून ठेवलेला होता. आपण खोलीत नसणे हीच ज्याची पहिली अट, असे काम त्याच्याहून चांगले कोण करणार?

आणि त्याच्या शंका! काठी अपेक्षेपेक्षा जरा निराळी वागते असे दिसताच त्याने स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मोठे गोळे लोखंडी सळयांवर टांगले आहेत, तेव्हा ही ओढ चुंबकाची तर नाही? सळया काढून तांब्याच्या घातल्या. शिशाच्या गोळ्यांतच पृथ्वीच्या चुंबकत्वाने काही गुण उतरला असेल का? गोळे स्वतःभोवती फिरवता येतील अशी सोय करून तेही पाहिले. मग गोळे बाजूला करून त्यांच्या जागी चक्क चुंबक ठेवून पाहिले. चुंबकाचा दोष नाही असे ठरल्यावर संशय उष्णतेवर गेला. मोठ्या गोळ्यांखाली दिवे लावून ते मुद्दाम तापवले, तापमापक ठेवले, आणि गोळा पेटीहून किंचित जरी उबदार असला तरी हवेचा बारीक झोत काठीला ढकलतो हे सिद्ध करून सोडले. त्याच्या निबंधात उत्तरापेक्षा या शंकांनाच अधिक पाने दिलेली आहेत. हिशेबतपासनीस म्हणून मी एवढेच म्हणेन, की असे खाते माझ्यासमोर आले असते तर मी डोळे मिटून सही केली असती.

२१ जून १७९८ रोजी निबंध सोसायटीत वाचला गेला. एकोणतीस मापांची सरासरी: पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन. पुढे फ्रान्सिस बेली यांना त्यात एक बेरीज-सरासरीची चूक सापडली. ती सुधारली तर आकडा ५.४५ च्या जवळ येतो. आजचा आकडा ५.५१ आहे. म्हणजे चूक धरूनही फरक शेकडा एक-सव्वा टक्क्याचा! किलोत सांगायचे तर पृथ्वीचा भार सहावर चोवीस शून्ये. पाठ्यपुस्तकात त्याने गुरुत्व स्थिरांक काढला असे छापतात, ते तितकेसे बरोबर नाही. त्या अक्षराची भाषा त्याच्या नंतर शंभर वर्षांनी रूढ झाली. त्याला पृथ्वीची घनताच हवी होती.

आणि त्या घनतेत एक मोठी बातमी दडलेली होती. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याच्या तिप्पटही जड नाही. मग सगळ्या पृथ्वीची सरासरी साडेपाचपट कशी? वरचे कवच एवढे हलके असेल, तर पोटात काही तरी फार जड भरलेले असले पाहिजे. १९०६ मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातून निवृत्त झालेले रिचर्ड ओल्डहॅम, ज्यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला होता, त्यांनी भूकंपलहरींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने गाभ्याच्याही आत एक गाभा शोधला. बाहेरचा गाभा वितळलेल्या लोखंडाचा. त्याच्या खळबळीतून पृथ्वीचे चुंबकत्व निपजते, आणि तो हलतो म्हणून सुई वर्षागणिक सरकते. मार्लबरो स्ट्रीटच्या बागेतली सुई आणि क्लॅपहॅमच्या खोलीतली काठी, दोघी एकाच लोखंडाची खबर देत होत्या. कॅव्हेंडिशच्या हयातीत हे कोणालाच कळणे शक्य नव्हते.

क्लॅपहॅमचे लोक म्हणे मुलाबाळांना ती जागा दाखवत आणि जग इथे तोलले गेले असे सांगत.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो गेला. गेला तोही आपल्याच पद्धतीने. थोडेच दिवस आजारी होता. आपल्याला एकटे राहायचे आहे, ठरावीक वेळेपर्यंत कोणी आत येऊ नये, असे त्याने नोकराला बजावले. नोकर परत आला तेव्हा सगळे संपले होते, असे सांगतात. डर्बीच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये घराण्याच्या तळघरात त्याला ठेवले. मागे दहा लाख पौंडांहून अधिक संपत्ती. तिचा मोठा वाटा ज्या लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिशला मिळाला, त्याची आणि याची भेट वर्षातून एकदा, अर्धा तास, एवढीच होत असे.

पैसे वारसांना मिळाले, त्याचे मला काही वाटत नाही. वाईट वाटते ते कागदांचे. घरात निघालेल्या बाडांमध्ये विजेवरचे अनेक प्रयोग होते, आणि त्यातले बहुतेक त्याने कोणालाच दाखवले नव्हते. विजेचे बळ अंतराच्या वर्गाने कमी होते, हे कूलोमच्या आधी दहा-बारा वर्षे त्याला सापडले होते. ओम या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने शाळेत जो नियम आपण घोकतो, तोही १८२७ च्या कितीतरी आधी त्याच्या कागदांत होता. वीज मोजायचे यंत्र तेव्हा नव्हते, म्हणून त्याने स्वतःचे अंग वापरले: दोन धक्के एकामागून एक घ्यायचे आणि कोणता मनगटापर्यंत गेला, कोणता कोपरापर्यंत, हे लिहायचे. पैशाच्या बाबतीत त्याचे खाते निष्क्रिय राहिले तर बिघडले बँकवाल्याचे. ज्ञानाच्या बाबतीत निष्क्रिय राहिले, त्याची किंमत साऱ्या जगाने पन्नास वर्षे मोजली. त्याला लोक नकोसे होते हे मी समजू शकतो. पण कागद पोस्टात टाकायला माणसे भेटावी लागत नाहीत. एकलकोंडेपणाची सबब इथे मी मान्य करणार नाही. त्याला बहुधा काम पुरे झाल्यासारखे वाटतच नसावे. नेहमी आणखी एखादी शंका शिल्लक असे.

१८७४ मध्ये केंब्रिजला त्याच घराण्यातल्या सातव्या ड्यूकने दिलेल्या पैशांतून प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या हाती हे कागद आले. मॅक्सवेल हे त्या काळचे पहिल्या क्रमांकाचे शास्त्रज्ञ; स्वतःचे काम बाजूला ठेवून आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी या कागदांची नक्कल करण्यात घालवली, आणि १८७९ मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडेसेच आधी, ते छापून काढले. नुसते छापले नाहीत, प्रत्येक प्रयोग पुन्हा करून पाहिला. धक्क्यांचासुद्धा. प्रयोगशाळेत येईल त्याला ते कोट काढायला लावत आणि पाण्याच्या भांड्यांत हात बुडवून धक्के घ्यायला लावत. कॅव्हेंडिशचे अंग किती पारखी होते, हे त्यांना ताडून पाहायचे होते. खगोलशास्त्रातला सल्ला घ्यायला एक तरुण अमेरिकन मुद्दाम समुद्र ओलांडून आला होता. त्याच्यावरही हीच वेळ आली, आणि तो फार रागावून परत गेला.